वहिनीसाठी कोंबडी वडे, पहिल्यांदाच

आम्ही नागपूरचे, आमच्याकडे कोंबडी म्हणजे सावजी, आणि वहिनी मालवणची, म्हणून तिच्या वाढदिवसाला कोंबडी वडे करायचं ठरवलं. तुम्हीही पहिल्यांदाच करत असाल तर पीठ आधीच दळून आणा: 4 वाट्या तांदूळ, 1 वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी चणाडाळ, थोडे धणे, मेथ्या, बडीशेप, सगळं हलकं भाजून.

मीठ घालून गरम पाण्याने मळायचं आणि 3-4 तास झाकून ठेवायचं, मी घाईत हे गाळलं आणि पहिले पाच वडे पापडासारखे बसले ना राव! प्लास्टिकला तेल लावून बोटांनी थापा, लाटू नका, पुरीपेक्षा जाडच हवा, तेल कडकडीत तापलेलं पाहिजे, वडा सोडला की झाऱ्याने वरून तेल उडवत राहायचं, मग टम्म फुगतो.

वड्यांसोबतचा कोंबडीचा रस्सा त्यामानाने सोपाय. 1 किलो चिकनला आलं-लसूण, हळद, मीठ लावा, कांदा नि अर्धा खवलेला नारळ तपकिरी होईस्तोवर भाजून वाटा, हे वाटप नि मालवणी मसाला 3 चमचे घालून चिकन शिजवा. सोबत सोलकढी.

वहिनी म्हणाली, "वाटप अजून भाजायला हवं होतं भाऊजी," पण चौथा वडा घेतला तिने.