झूम असलेल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या चित्राची प्रत घरच्या घरी कशी तपासावी

खिशात मावणारा झूम कॅमेरा विकत घेतल्यावर बहुतेक जण खिडकीतून समोरच्या झाडाचे दोन-चार फोटो काढतात, ते कॅमेऱ्याच्याच पडद्यावर पाहतात आणि समाधानाने पावती फाडून टाकतात. पावती फाडण्याची घाई करू नये, कारण अशा कॅमेऱ्यातील खरे दोष त्या पडद्यावर दिसत नाहीत आणि झूम पूर्ण आत असताना तर सहसा दिसतच नाहीत. दुकानदाराकडे वस्तू बदलून घेण्याची मुदत संपण्यापूर्वी, किंवा जुना कॅमेरा घेत असाल तर पैसे देण्यापूर्वी, एक सकाळ आणि एक संध्याकाळ खर्च करून पुढील चाचणी करावी. उदाहरणासाठी मी २०१८ साली आलेला कॅनन पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस हा ४० पट झूमचा कॅमेरा समोर ठेवला आहे. इतर कॅमेऱ्यांचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत तीच राहील.

पहिली पायरी : कॅमेरा चाचणीसाठी तयार करणे

लेन्सची पुढची काच स्वच्छ मऊ कापडाने पुसावी. नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन डिजिटल झूम बंद करावा, कारण तो लेन्सचा झूम नसून चित्राचा मधला तुकडा ताणून मोठा करण्याचा प्रकार आहे. चित्राचा आकार सर्वांत मोठा आणि जेपेगची प्रत सर्वांत वरची निवडावी. आयएसओ, म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, सर्वांत कमी, या कॅमेऱ्यात १००, ठेवून तो स्वयंचलित राहू देऊ नये. व्हाइट बॅलन्सही, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे चित्राचे रंग जुळवण्याची सेटिंग, एका जागी पक्का करावा. कॅमेरा तिपाईवर असताना हलणे रोखणारी यंत्रणा बंद ठेवावी आणि बटण दाबताना बसणारा हिसका टाळण्यासाठी दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या चाचणीचा मुख्य नियम आहे. झूम आणि आयएसओ एकदम बदलले, तर चित्र का बिघडले ते कोणालाही सांगता येणार नाही.

दुसरी पायरी : वर्तमानपत्राची भिंत

चित्र किती धारदार येते ते पाहण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये आयएसओ १२२३३ या मानकानुसार छापलेले तक्ते वापरतात (हा आयएसओ म्हणजे मानके ठरवणारी संस्था, कॅमेऱ्याची संवेदनशीलता नव्हे). घरी मराठी वर्तमानपत्राचे छोट्या जाहिरातींचे पान त्याच्या तोडीचे काम करते. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक शिरोरेखेतल्या बारीकशा खंडावर आणि एखाद्या गाठीवर अवलंबून असतो, त्यामुळे चित्र किंचितही मऊ झाले की ही अक्षरे एकमेकांत मिसळू लागतात आणि डोळ्याला ते लगेच कळते. पान पूर्ण उघडून भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने ताणून लावावे. मी एकदा एका कॅमेऱ्याची डावी बाजू धूसर आहे म्हणून दोन दिवस हळहळत होतो. प्रत्यक्षात पंख्याच्या वाऱ्याने पानाची ती कड भिंतीपासून सुटली होती.

कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा आणि तो नुसत्या नजरेने तसा ठेवता येत नाही. पानाच्या मध्यभागी एक छोटा सपाट आरसा टेकवावा आणि लेन्सचे प्रतिबिंब पडद्याच्या बरोबर मध्यावर दिसेपर्यंत कॅमेरा सरकवावा. त्यानंतर आरसा काढून घ्यावा.

आता अंतराचा हिशेब. उघडलेल्या पानाची रुंदी सुमारे ७० सेंटीमीटर धरली, तर झूमच्या सुरुवातीला, म्हणजे २४ मिलिमीटरइतक्या रुंद दृश्यात (झूम किती आहे ते मिलिमीटरमध्ये सांगतात, आकडा मोठा तितके दृश्य अरुंद), ते चौकटभर भरण्यासाठी कॅमेरा अर्धा मीटर अंतरावर लागतो आणि झूम शेवटपर्यंत, म्हणजे ९६० मिलिमीटरपर्यंत, नेल्यावर जवळजवळ २० मीटर मागे जावे लागते. एवढी जागा घरात नसते, म्हणून इमारतीचा लांब व्हरांडा किंवा गच्ची गाठावी. मात्र तापलेल्या गच्चीवरची हवा थरथरते आणि त्या थरथरीचा दोष लेन्सच्या माथी येतो, म्हणून हे काम सकाळी ऊन चढण्यापूर्वी उरकावे. झूमच्या सुरुवातीला, मध्ये दोन ठिकाणी आणि शेवटी, अशा चार ठिकाणी प्रत्येकी पाच फोटो काढावेत आणि प्रत्येक वेळी फोकस नव्याने घ्यावा. पाचांपैकी तीन स्पष्ट आणि दोन धूसर आले, तर दोष लेन्सच्या काचेपेक्षा फोकसच्या यंत्रणेत असण्याची शक्यता अधिक.

मोठ्या कॅमेऱ्यांची सवय असलेले मित्र इथे एक सल्ला हमखास देतात : छिद्र, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याची वाट, थोडे बारीक करा, म्हणजे चित्र धारदार होईल. इवल्याशा सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पट्टीच्या, कॅमेऱ्यात तो सल्ला उलटा पडतो. या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम ६.२ मिलिमीटर रुंद असून त्यावर आडवे ५१८४ पिक्सेल बसवलेले आहेत, म्हणजे एक पिक्सेल साधारण १.२ मायक्रॉनचा. प्रकाश छिद्रातून जाताना पसरतो, त्यामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता एक चकती होते. छिद्राचे माप ‘एफ’च्या आकड्यात सांगतात आणि आकडा मोठा तितके छिद्र बारीक. एफ/३.३ ला ती चकती सुमारे ४.४ मायक्रॉन आणि झूमच्या शेवटी, जिथे छिद्र एफ/६.९ पेक्षा मोठे होऊच शकत नाही, तिथे सुमारे ९.३ मायक्रॉन रुंद असते. एक बिंदू सात-आठ पिक्सेलांवर पसरत असेल, तर पूर्ण झूमला अक्षरांच्या कडा मऊ येणे हा निर्मितीतला दोष नसून प्रकाशाचा स्वभाव आहे. म्हणून छिद्र मोठेच ठेवावे आणि या टोकाकडून वाजवी तेवढीच अपेक्षा करावी.

तिसरी पायरी : चार कोपऱ्यांची तुलना

माझ्या मते संपूर्ण चाचणीतली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. घडी होऊन आत जाणाऱ्या झूम लेन्समध्ये काचांचे अनेक गट एकमेकांत सरकतात आणि त्यांतला एखादा गट किंचित तिरका बसला, की चित्राचा एक कोपरा किंवा एक अख्खी बाजू धूसर होते. एकाच मॉडेलच्या दोन कॅमेऱ्यांत फरक पडतो तो बहुधा यामुळेच, आणि समीक्षा वाचून तो कळत नाही.

फोटो संगणकावर १०० टक्के आकारात उघडून चारही कोपरे एकामागून एक पाहावेत. कोपरे मध्यभागापेक्षा मऊ असणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच, की चारही कोपरे सारखेच मऊ आहेत का. एखादा कोपरा वेगळा वाटला, तर लगेच निष्कर्ष काढू नये. कॅमेरा पुस्तकांच्या थप्पीवर उलटा, म्हणजे वरची बाजू खाली करून ठेवावा, आरशाने पुन्हा समांतर करावा आणि तोच फोटो परत काढावा. पानाचा पूर्वीचाच कोपरा धूसर आला, तर मांडणी चुकलेली आहे. आता त्याच्या तिरकस समोरचा कोपरा धूसर झाला, तर दोष लेन्समध्ये आहे आणि कॅमेरा परत करायला हवा. हा तपास झूमच्या चारही ठिकाणी करावा, कारण एका ठिकाणी लपलेला तिरकेपणा दुसऱ्या ठिकाणी उघडा पडतो.

चौथी पायरी : मंद प्रकाशातील घोंगडी

छापील अक्षरांचा काळ्या-पांढऱ्याचा विरोध तीव्र असतो, म्हणून आयएसओ वाढवला तरी ती बराच वेळ तग धरतात आणि आपली फसगत करतात. आधी नाहीसा होतो तो मंद पोत : लोकरीचा धागा, केसांच्या बटा, लाकडाच्या रेषा. संध्याकाळी खोलीत एक नेहमीचा दिवा लावून टेबलावर काळी घोंगडी, केसांचा ब्रश, एखादी लाकडी पेटी आणि हळद-कुंकवाच्या उघड्या डब्या मांडाव्यात. कॅमेरा तिपाईवर ठेवून आयएसओ १००, २००, ४००, ८००, १६०० आणि ३२०० असे सहा फोटो काढावेत. उजेड आणि छिद्र कायम ठेवून कॅमेऱ्याला फक्त शटरचा वेग, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, बदलू द्यावा. काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/१०० सेकंदापेक्षा वेगवान होणार नाही इतपतच उजेड ठेवावा. नाहीतर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात.

हे सहा फोटो पाहताना फक्त रंगीत कण मोजू नयेत. कण पुसण्याचे काम कॅमेरा स्वतःच करतो आणि पुसताना घोंगडीची वीणही पुसून टाकतो. जिथे लोकर मेणासारखी दिसू लागते, तो आयएसओ आपली मर्यादा समजावा. या जातीच्या कॅमेऱ्यात ती मर्यादा बहुधा ८०० च्या आसपास लागते. कुंकवाकडेही बारकाईने पाहावे. गडद लाल रंग भडकून सपाट ठिपका झाला असेल, तर एक्स्पोजर, म्हणजे चित्राला मिळणारा एकूण प्रकाश, एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश टप्प्याने कमी करून पुन्हा पाहावे. तेवढ्याने पोत परत आला, तर लग्नकार्यात तीच सवय ठेवावी.

पाचवी पायरी : उरलेले लहान तपास

आकाशाच्या पार्श्वभूमीवर नारळाच्या झावळ्यांचा फोटो काढल्यास पात्यांच्या कडांना जांभळी किंवा हिरवी किनार किती येते ते कळते. खिडकीचे गज चौकटीच्या कडेशी धरले, की रेषा फुगीर होतात का ते दिसते, पण जेपेगमध्ये ही वक्रता कॅमेरा बहुतेक वेळा आपोआप सरळ करून देतो. कोरा पांढरा कागद पूर्ण झूमला, छिद्र एफ/८ करून आणि मुद्दाम फोकस सोडून टिपावा. त्यात करडे डाग दिसले, तर सेन्सरवर धूळ आहे, आणि लेन्स निघत नसल्यामुळे ती घरी साफ करता येत नाही. जुना कॅमेरा कोकणासारख्या दमट भागातून आलेला असेल, तर लेन्सवर तिरपा टॉर्च मारून आत कोळिष्टकासारखी बुरशी आहे का, हेही पाहावे.

हातात धरून काढलेल्या फोटोंसाठी हलणे रोखणारी यंत्रणा पुन्हा चालू करावी. पूर्ण झूमला १/५००, १/२५० आणि १/१२५ या वेगांना प्रत्येकी दहा फोटो काढून त्यांतले वापरण्याजोगे किती, ते मोजावे. एक चांगला फोटो योगायोगाने येतो. दहापैकी सात आले, तर त्या वेगावर विसंबता येते.

सहावी पायरी : निकाल कोणत्या आकारात पाहावा

शंभर टक्के आकार दोष शोधण्यासाठी असतो, आवडनिवड ठरवण्यासाठी नव्हे. ए४ कागदावर इंचाला ३०० ठिपक्यांनी उत्तम छपाई करायला ३५०८ गुणिले २४८०, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल पुरतात, आणि या कॅमेऱ्यात ते दोन कोटी आहेत. म्हणून प्रत्येक पायरीतला सर्वांत वाईट वाटलेला फोटो एकदा ए४ वर छापून हातभर अंतरावरून पाहावा. पडद्यावर खटकलेले बरेच काही कागदावर दिसेनासे होते. जे तिथेही खटकते, तेवढ्याचीच तक्रार घेऊन दुकानात जावे आणि सोबत मूळ फाइली न्याव्यात, कारण झूम, छिद्र आणि आयएसओ यांची नोंद त्या फाइलींतच असते. कॅमेरा पसंत पडला तरी हे फोटो पुसू नयेत. पुढे कधी तो हातातून पडला, तर तेच पान, तेच अंतर आणि तोच झूम घेऊन काढलेल्या नव्या फोटोशी जुळवायला हेच जुने फोटो लागतील.