सीहॉर्सच्या टँकसाठी सफाई पथक निवडताना या चुका टाळा

सीहॉर्स म्हणजे आपला समुद्रघोडा. खायला मोठा वस्ताद, पण त्याला जठरच नसतं. दातही नसतात. नळीसारख्या तोंडाने तो घास आत ओढतो. तो घास थेट आतड्यात जातो आणि बराचसा अर्धवट पचलेलाच बाहेर पडतो. त्यामुळे त्याला दिवसातून दोन-तीन वेळा फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे इवले जीव) द्यावं लागतं. प्रत्येक वेळी त्यातलं थोडं खडकामागे, थोडं वाळूत जातं, आणि मोठा मायसिस ओढताना त्याचा भुगा कल्ल्यांतून बाहेर उडतो तो वेगळाच. एवढी घाण करणारे पाहुणे दुसऱ्या कुठल्या टँकमध्ये क्वचितच असतील.

म्हणूनच सीहॉर्स पाळणारा माणूस सफाईवाल्या प्राण्यांच्या मागे लागतो आणि पहिली चूक तिथेच होते. रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळांच्या टँकसाठी, विकलं जाणारं तयार पॅकेज तो जसंच्या तसं उचलतो: इतक्या गोगलगायी, इतके हर्मिट (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे), एक-दोन साधे खेकडे, एक तारामासा. रीफ टँकमधले मासे चपळ असतात. कुणी चिमटा काढायला आलं की ते निसटतात. सीहॉर्सला तसं पळता येत नाही. पाठीवरचा छोटा पंख फडफडवत तो सावकाश सरकतो आणि बाकीचा वेळ शेपटीने कशाला तरी धरून बसतो. त्याच्या दृष्टीने खडक, कृत्रिम रोप, गोगलगायीचा शंख, सी अर्चिन नावाच्या काटेरी जीवाचा काटा, सगळं सारखंच.

म्हणून कुठलाही प्राणी घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो. याच्याभोवती सीहॉर्सने शेपटी गुंडाळली, तर हा काय करेल? तो शेवाळ किती खातो, हा प्रश्न नंतरचा.

"छोटा आहे, काय करणार?" म्हणत खेकडा आणणं

एमरल्ड क्रॅब बबल अल्जी (बुडबुड्यांसारखं शेवाळ) खातो म्हणून त्याचं नाव झालंय. बबल अल्जी तो खातो, हे खरंच. पण नखाएवढा असताना निरुपद्रवी वाटणारा हा खेकडा वाढतो, आणि शेवाळ संपलं की जे समोर येईल त्याला नांगी लावून बघतो. सॅली लाइटफूट तर याहून बेभरवशाचा. चपटा, वेगवान, लहानपणी शेवाळ खाणारा आणि मोठेपणी रात्री झोपलेल्या माशांकडे वळणारा. लांब पायांचा ॲरो क्रॅब हा मुळातच शिकारी आहे. तिघांनाही माझ्याकडून नकार.

नांगीचा एक चिमटा बसला तर एवढं काय बिघडतं, असं वाटू शकतं. सीहॉर्सच्या अंगावर खवले नसतात, हाडांच्या कड्यांवर ताणलेली कातडी असते. शेपटीला खरचटलं की तिथे व्हिब्रिओसारखे जिवाणू शिरतात आणि शेपटीचं टोक पांढरं पडून सडायला लागतं. पाणी जितकं कोमट तितका हा प्रकार वेगाने वाढतो. उष्ण समुद्रातल्या जाती असल्या तरी टँक साधारण २२ ते २४ अंश सेल्सिअसवर ठेवतात, त्याचं हेच कारण. सफाईसाठी आणलेल्या खेकड्यापायी औषधोपचार करत बसायचं, म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर!

हर्मिटचं थोडं वेगळं आहे. स्कार्लेट रीफ हर्मिट लहान राहतो, स्वभावाने शांत असतो, आणि त्याच्या शंखावर शेपटी पडली तर बहुतेक वेळा तिला घेऊन तसाच चालत राहतो. निळ्या पायांचे हर्मिट आकाराने लहान पण भांडखोर. राहायला शंख हवा म्हणून ते गोगलगायीला मारतात. त्यांच्यापेक्षा जरा मोठे दोन-चार रिकामे शंख वाळूवर टाकून ठेवले की हे बरंच कमी होतं, थांबत मात्र नाही. जात ओळखता न येणारा हर्मिट घेऊ नका, आज तो बटणाएवढा असला तरी.

कोळंबीवर आंधळा विश्वास

पेपरमिंट श्रिंप सीहॉर्सच्या टँकमध्ये शोभते. ती उरलंसुरलं खाते, ऐपटेशिया नावाचं चावरं समुद्रफूल खाते, आणि तिची पिल्लं पाण्यात सुटली की सीहॉर्सना आयती मेजवानी मिळते. पण सीहॉर्सच्या इरेक्टस किंवा रीडीसारख्या मोठ्या जाती असतील, तर छोटी कोळंबीच जेवण होऊन बसते. घोड्याने गवताशी मैत्री केली तर खाणार काय? तेव्हा कोळंबी घ्यायचीच तर पूर्ण वाढीची घ्या.

घेताना पारख हवी. कॅमल श्रिंप पेपरमिंट म्हणून गळ्यात पडू शकते. तिच्या पाठीला कुबड असतं आणि लाल अंगावर पांढऱ्या रेघांची नक्षी ठळक दिसते. पेपरमिंट बरीच पारदर्शक, तिच्या अंगावर बारीक लाल पट्टे. कोरल बँडेड श्रिंप दिसायला देखणी, पण नांग्या लांब आणि वृत्ती मारकुटी. तिला या टँकमध्ये जागा नाही.

क्लीनर श्रिंपबद्दल मत देणं कठीण आहे. कुणाकडे ती सुखाने नांदते, कुणाकडे ती सीहॉर्सच्या अंगावर चढून त्याला हैराण करते. हमखास होणारा त्रास एकच, तो म्हणजे अन्नाची चोरी. सीहॉर्स घास उचलण्याआधी त्याच्याकडे रोखून पाहत बसतो, तेवढ्यात कोळंबी तो पळवते. उपाय सोपा आहे. आधी टँकच्या दुसऱ्या टोकाला कोळंबीला तिचा वाटा द्या आणि ती त्यात गुंतली की सीहॉर्सच्या वाटीत मायसिस सोडा. जेवणाची जागा ठरलेली असेल तर सीहॉर्स ती लवकर शिकतात. पंचाईत एवढीच की कोळंबीही शिकते.

तारामासा, अर्चिन आणि मंडळी

ग्रीन ब्रिटल स्टार हा सफाईवाला नव्हे. तो आपलं शरीर हातांवर उचलून खाली आडोसा तयार करतो आणि आसऱ्याला आलेल्या माशाला पकडून खातो. खालच्या बाजूला स्थिर बसणारा सीहॉर्स त्याला सोपं सावज. वाळू चाळणारा तारामासा कुणाला इजा करत नाही, पण छोट्या टँकमधले वाळूतले जीव संपवून काही महिन्यांत उपाशी मरतो आणि वाळूखाली सडतो. लांब काट्यांचा अर्चिन नको. समुद्रफूलही नको, कारण त्याचा दंश शेपटीला बसतो. समुद्रकाकडी पंपात अडकली किंवा मेली तर पाण्यात विष सोडू शकते. खडकांतून आपोआप येणारे इवले ब्रिटल स्टार, ॲम्फिपॉड (कोळंबीचे चिमुकले भाऊबंद), साधे ब्रिसल वर्म (केसाळ किडे) मात्र राहू द्या. ते फुकटचे मदतनीस आहेत आणि ॲम्फिपॉड तर सीहॉर्सचा खाऊ.

गोगलगायी: निवड बरोबर, घाई चुकीची

पथकाचा कणा गोगलगायी. नासारियस दिवसभर वाळूत गाडून घेते, फक्त सोंडेसारखी नळी वर ठेवते, आणि मायसिसचा वास आला की वाळू फोडून बाहेर पडते. एखाद्या संध्याकाळी हे बघत बसा, वेळ कसा गेला कळणार नाही. उरलेल्या मांसल अन्नासाठी तिच्याइतकं चांगलं कुणी नाही, पण ती शेवाळाला तोंड लावत नाही. शेवाळासाठी ट्रोकस, सेरिथ, नेराइट. ॲस्ट्रिया चालते, पण उलटी पडली तर तिला स्वतःहून सरळ होता येत नाही आणि हर्मिट तिथे टपलेले असतात. ट्रोकस सहसा स्वतः सरळ होते, म्हणून माझी पसंती तिला. मोठी टर्बो भरपूर खाते आणि वाटेतली सजावटही पाडते.

नासारियस म्हणून कधी कधी थंड पाण्यातली मड स्नेल हातात पडते. ती उष्ण पाण्यात फार टिकत नाही. मार्गारिटा स्नेलचंही तसंच.

संख्येच्या बाबतीत लिटरमागे अमुक गोगलगायी अशा हिशोबावर जाऊ नका. नव्या टँकमध्ये खायला काही नसतं, त्यामुळे पन्नास आणल्या तर तीस उपाशी मरतील आणि त्यांच्या सडण्याने अमोनिया वाढेल. मोजक्या आणा, महिनाभर काच आणि वाळू बघा, मग ठरवा. सोडताना थेंबथेंब पाणी मिसळत तास-दीड तास घ्या. क्षारतेतला अचानक फरक गोगलगायींना माशांपेक्षा जास्त झोंबतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा. सफाई पथक घाणीतून पाण्यात साठणारं नायट्रेट कमी करत नाही. मायसिस खाऊन गोगलगायही विष्ठाच टाकते. प्रत्येक जेवणानंतर उरलेलं सायफनने ओढणं आणि नियमित पाणी बदलणं हे काम तुमचंच. तुमच्या नळीला जे सापडत नाही, तेवढंच पथकाचं.

औषधाचा विसर

सीहॉर्स आणण्याआधी हायड्रॉइड (दंश करणारे बारीक जीव) मारायला फेनबेंडाझोल हे जंतनाशक वापरलं जातं. ते खडकात मुरतं आणि महिनोन्‌महिने राहतं. अशा टँकमध्ये सोडलेल्या ट्रोकस, ॲस्ट्रिया, टर्बो मरत राहतात आणि माणूस पाण्याच्या चाचण्या करत बसतो. तांब्याचं औषध तर सगळ्याच अपृष्ठवंशी जीवांचा काळ. जुना टँक विकत किंवा मागून घेतला असेल, तर त्यात पूर्वी काय घातलं होतं हे आधी विचारा. सीहॉर्सवर उपचार करायचे तर वेगळ्या टँकमध्येच करा.

काहीतरी बिघडलंय, पण काय?

कोळंबी मेलेली दिसली तर लगेच हळहळू नका. पहिल्यांदा माझ्याकडे असं झालं तेव्हा मी चिमट्याने तो देह उचलला आणि खडकाआडून कोळंबी माझ्याकडे बघत होती! ती कात टाकते. पोकळ, पारदर्शक कवच म्हणजे कात. ते तिथेच राहू द्या.

गोगलगाय दोन दिवस जागची हलली नाही तर उचलून वास घ्या. मेलेली असेल तर शंका उरत नाही. लगेच काढा.

सीहॉर्स अचानक कमी खायला लागला, तर आधी जेवणाच्या वेळी दहा मिनिटं समोर बसून बघा. खरंच भूक नाही, की घास चोरीला जातोय? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

शेपटीवर पांढरा चट्टा किंवा टोकाला झीज दिसली तर त्याला उपचाराच्या टँकमध्ये हलवा आणि मग गुन्हेगार शोधा. आधी पंपाची तोंडं तपासा. जाळी नसेल तर शेपटी तिथेही ओढली जाते. ती ठीक असतील तर दिवे गेल्यावर तासाभराने लाल उजेडाची बॅटरी घेऊन बसा. लाल उजेड या प्राण्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे रात्रीचा खरा कारभार दिसतो. खडकासोबत न बोलावता आलेला खेकडा अशाच वेळी बाहेर येतो.

त्याला हाताने पकडायच्या फंदात पडू नका, सगळा खडक उपसावा लागेल. काचेचा गुळगुळीत ग्लास खडकाला तिरपा टेकवून ठेवा आणि तळाशी कोळंबीचा तुकडा टाका. खेकडा वासाने आत उतरतो, पण काचेवरून वर चढू शकत नाही. पहिल्या रात्री बहुधा ग्लासात चार नासारियसच सापडतील. त्यांना परत वाळूत सोडा, नवा तुकडा टाका आणि दुसऱ्या रात्री ग्लास पुन्हा लावा. खेकडा सापडला की त्याला मारायची गरज नाही. संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, टाका, तिथे तो शेवाळ खात खुशाल राहील.