वारसास्थळी क्यूआर कोड लावताय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरासमोर एक आजोबा नातवाचा फोन उंच धरून उभे होते. कोड स्कॅन झाला होता, पण पान उघडत नव्हतं. खानापूर सोडलं की रेंज येते-जाते हे ठाऊक असूनही आम्ही त्या पानावर जड व्हिडिओ टाकला होता. आता तिथे साधा मजकूर आणि दोन लहान फोटो आहेत. ध्वनिफीत तिथे माहिती सांगणाऱ्या स्वयंसेवकाच्या फोनमध्ये आधीच उतरवलेली असते.

कोड काही महिन्यांनी अचानक बंद पडला, तर तो कुठे बनवला ते तपासा. फुकट कोड देणारी काही संकेतस्थळं मध्ये स्वतःचा पत्ता घालतात. मुदत संपली की कोड मुका होतो. आपल्या पानाचा पत्ता थेट ज्यात आहे, असाच कोड छापा. भोवती पांढरी कड सोडा. चकचकीत लॅमिनेशन नको, उन्हात कॅमेऱ्याला काही दिसत नाही.

आणि दगडावर काहीही चिकटवू नका. एकदा कोरीव खांबावरचा स्टिकर काढताना डिंकाचा डाग तसाच राहिलेला पाहिला, अजून वाईट वाटतं. संरक्षित वास्तूला इजा करणं 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे. परवानगी घेऊन वेगळ्या पाटीवर, नाहीतर स्वयंसेवकाच्या गळ्यातल्या कार्डावर कोड ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ मात्र माहितीत होतो. बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती (बस्ती म्हणजे जैन मंदिर) आणि देगावचं कमलनारायण मंदिर यांची गल्लत नवे स्वयंसेवक हमखास करतात. बस्तीचं नाव छतातल्या दगडी कमळावरून आलं. ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने 1204 मध्ये बांधली. देगावचं मंदिर गोव्याच्या कदंब राजघराण्याचं, राणी कमलादेवीने बांधवलेलं. बेळगावचे 1204 चे दोन शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जे इथे उभं राहून दिसत नाही, ते दाखवायलाच फोन हवा. समोरचं कमळ पाहायला मान वर करायला सांगणारं माणूसच लागतं.

त्या माणसाला पाठांतर करायला लावू नका. उत्तर येत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणायचं आणि प्रश्न वहीत लिहायचा. दर महिन्याला ती वही बघून पान दुरुस्त करा.

मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत द्या. कन्नड मजकूर यंत्राकडून करून घेतलात, तरी छापण्याआधी गावातल्या एखाद्या कन्नड शिक्षकांना तो मोठ्याने वाचायला सांगा.