गोठलेल्या तळ्यातले गोल्डफिश

कॅनडातल्या ऑन्टारियोच्या दक्षिणेकडे जुने घर विकत घेतले की परसातले तळे आणि त्यातले गोल्डफिश कधीकधी आयतेच पदरात पडतात, आणि पुण्यामुंबईत काचेच्या टाकीपलीकडे मासे न पाळलेल्या आपल्यासारख्यांना ऑक्टोबर उलटू लागताच पहिली काळजी वाटते ती मासे गारठून मरतील याची. ती काळजी बहुतांशी चुकीच्या जागी आहे. गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला, थंड पाणी सोसणारा मासा आहे. हिवाळ्यात तो दगावतो तो थंडीने कमी आणि कोंडमाऱ्याने जास्त. त्यामुळे तळे गरम करण्याच्या खटपटीत पडू नये.

पाणी सर्वांत जड असते ते सुमारे 4 अंश सेल्सियसला. त्याहून गार झालेले पाणी वर राहते व तिथेच गोठते, आणि तळाशी 4 अंशांच्या आसपासचा एक थर टिकून राहतो. मासे त्या थरात जाऊन बसतात, कल्ले जेमतेम हलवत, जागेवरून न सरकता. बर्फातून डोकावणाऱ्याला ते मेलेलेच वाटतात. मात्र वर बर्फाचे झाकण बसले की हवेतला ऑक्सिजन पाण्यात येत नाही, आणि तळाशी कुजणारा पाचोळा पाण्यात उरलेला ऑक्सिजन खाऊन टाकतो व हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू सोडतो. ऑक्सिजन संपत आला तरी गोल्डफिश काही काळ तग धरतो, कारण त्याचे शरीर साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे अल्कोहोल करून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकू शकते. विषारी वायूंवर मात्र त्याच्याकडे उतारा नाही.

तळ्याची खोली आधी मोजावी. दोन फूट खोल तळ्यावर फूटभर बर्फ धरला तर माशांना निम्मेच पाणी उरते, म्हणून निदान एका भागात तीन फूट किंवा त्याहून अधिक खोली हवी. तेवढी नसेल तर मासे तळघरात मोठ्या टाकीत हलवणे बरे. कॉमन, कॉमेट आणि शुबुन्किन हे गोल्डफिशचे प्रकार बाहेर राहू शकतात; ओरांडा, र्‍युकिन, ब्लॅक मूर असे गोल अंगाचे, नाजूक प्रकार पाणी 12-13 अंशांवर येण्याआधीच आत आणावेत. टाकीत नळाचे पाणी भरताना क्लोरिन काढणारे औषध घालावे, आणि टाकीचे व तळ्याचे तापमान जुळल्यानंतरच मासे सोडावेत.

खरे काम पानगळीच्या आधीचे आहे. मेपलची पाने पिवळी पडू लागताच तळ्यावर जाळी ताणावी, आत गेलेली पाने हातजाळीने काढावीत आणि तळातला काळा गाळ शक्य तितका उपसावा. एवढे नीट झाले तर पुढचा निम्मा घोर मिटतो. दोरीला तापमापक बांधून तो पाण्यात सोडून ठेवावा, कारण खाणे तारखेवर नव्हे, पाण्याच्या तापमानावर ठरते. ते 15 अंशांखाली उतरले की पचायला हलके, गव्हाच्या अंकुराचे खाद्य थोडे थोडे द्यावे, आणि 10 अंशांखाली काहीही देऊ नये. गोल्डफिशला खरे पोट नसते, आणि थंडीत त्याचे पचन जवळजवळ थांबते. मासे तोंड वर काढून मागत आहेत म्हणून दया दाखवण्यात त्यांचा घातच आहे. उन्हाळ्यात साठवलेली चरबी त्यांना वसंतापर्यंत पुरते.

धबधब्याचा पंप बंद करून नळ्या रिकाम्या कराव्यात, नाहीतर आतले पाणी गोठून त्या फुटतात आणि वाहते पाणी तळचा ऊबदार थरही ढवळून टाकते. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी मोठ्या हौसेने हवेच्या पंपाचा एअर स्टोन, म्हणजे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, अगदी तळाशी ठेवला. बुडबुड्यांनी तळचे पाणी वर आणि वरचे गार पाणी खाली नेले, तापमापक 1 अंशाला टेकला, आणि दोन मासे कुशीवर कलंडले. स्टोन वर घेतल्यावर त्यातला एक वाचला. स्टोन पृष्ठभागापासून फूटभरच खाली, तोही खोल भागापासून दूर टांगावा. बुडबुड्यांमुळे बर्फात एक भोक उघडे राहते आणि वायू बाहेर पडायला तेवढे पुरते. कडक थंडीच्या भागात पाण्यावर तरंगणारा, थर्मोस्टॅटवर चालणारा डी-आयसर, म्हणजे भोकापुरता बर्फ वितळवणारे उपकरण, जोडीला ठेवावा. विजेचा प्लग मात्र गळती होताच वीज तोडणाऱ्या सॉकेटातच लावावा.

वीज जाऊन भोक बुजले तर हातोडा किंवा कुऱ्हाड मुळीच उचलू नये. घावाचा हादरा पाण्यातून थेट माशांपर्यंत जातो. पातेल्यात उकळते पाणी घेऊन ते भरलेले पातेलेच बर्फावर ठेवावे. थोड्या वेळात त्याच्या बुडाखाली पाण्याची कड चमकू लागते आणि पातेले हळूहळू खाली बसते; ते आत जाण्यापूर्वी पातेल्याच्या कानाला बांधलेल्या दोरीने धरून ठेवावे. पातळ बर्फाला एकच खेप पुरते, जाड असेल तर पाणी बदलून पुन्हा ठेवावे. हिम पडल्यावर बर्फाचा काही भाग मऊ झाडूने काठावरूनच मोकळा करावा, म्हणजे पाणवनस्पतींना उजेड मिळतो. गोठलेल्या तळ्यावर पाय ठेवू नये.

मार्च-एप्रिलचा काळ मला जानेवारीपेक्षा अवघड वाटतो. पाणी तापू लागताच जंतू आणि परजीवी माशांच्या प्रतिकारशक्तीच्या आधी जागे होतात, म्हणून अंगावरचे व्रण, चिकटलेले पर, एका कुशीवर पोहणे यांकडे रोज लक्ष ठेवावे. तापमान आठवडाभर 10 अंशांच्या वर टिकल्यावरच खाद्य सुरू करावे, तेही आधी चिमूटभर. फिल्टरमधले, अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू सावकाश सावरतात, त्यामुळे पहिले काही आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पाण्यातला अमोनिया तपासावा आणि तो दिसल्यास खाद्य थांबवून थोडे पाणी बदलावे.