लेहला राहायला जाताय? आधी रक्ताचं बघा

नोकरीसाठी काही महिने लेहला राहायला जाणार असाल तर स्वेटरखरेदीच्या आधी रक्त तपासून घ्या, तेही निघायच्या दोन महिने आधी. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासा. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही तो रिता असू शकतो. पाळी येणाऱ्या बायकांनी तर हे टाळूच नये. वर पोहोचल्यावर ऑक्सिजन कमी पडतोय हे मूत्रपिंडांना काही तासांतच कळतं. ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि अस्थिमज्जा जास्त तांबड्या पेशी बनवू लागते. लोहच नसेल तर ती बनवणार कशातून? साठा कमी निघाला तर डॉक्टरांना विचारून गोळ्या लगेच सुरू करा, कारण तो भरायला आठवडे लागतात. अळीव, कडधान्यं, पालेभाज्या खा, वर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको. या काळात रक्तदानही नको.

सिंहगड जरूर चढा, दमसास वाढेल. पण गड सुमारे १३०० मीटरवर, लेह ३५०० मीटरवर. तिथल्या विरळ हवेची सवय गडावर होत नाही. पुण्यातले कसलेले ट्रेकर इथेच गाफील राहतात, याची मला खरंच काळजी वाटते.

पुणं जेमतेम ५६० मीटरवर आहे. विमानाने जाणार असाल तर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांतीचे धरा. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. तिने रक्त वाढत नाही, श्वास वाढतो.

तिसऱ्या दिवशी तिथे हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं तर शरीर रुळलं असं समजू नका. सुरुवातीला लघवी जास्त होते, रक्तातला पातळ भाग आटतो, म्हणून आकडा चढतो. तांबड्या पेशींची खरी भर पडायला काही आठवडे जातात. तोवर डोकं दुखलं, मळमळलं तर आणखी उंचावर जाऊ नका. चालताना तोल गेला किंवा बसल्याजागी धाप लागली तर उशीर न करता ऑक्सिजन आणि डॉक्टर गाठा, खाली उतरा.

मुक्काम लांबला तर हिमोग्लोबिन अधूनमधून तपासत राहा. पुरुषांत २१ आणि बायकांत १९ ग्रॅमच्या वर गेलं तर रक्त फार घट्ट झालेलं असतं. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२५ मध्ये वर्णन केलेल्या, उंचावर दीर्घकाळ राहिल्याने होणाऱ्या आजाराची ही खूण आहे, आणि त्यावरचा खरा उपाय म्हणजे कमी उंचीवर येऊन राहणं.