लोकशाहीचे पाश्चात्त्य सिद्धांत शिकताना या चुका टाळा

‘रूसो हा लोकशाहीचा कट्टर पुरस्कर्ता होता.’ उत्तरपत्रिकेत हे वाक्य दिसलं की लाल पेन आपोआप चालतं. गाइडमध्ये छापलंय, म्हणून दरवर्षी तेच. एका तोंडी परीक्षेत एम.ए.च्या चांगल्या हुशार मुलाने हेच ठणकावून सांगितलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, ‘मग लोकशाही देवांनाच झेपेल, माणसांना नाही, असं तो का म्हणतो?’ पोरगा गडबडला. म्हणाला, ‘मॅडम, ते सिलॅबसमध्ये नाहीये.’

सिलॅबसमध्येच आहे. रूसोचं ‘सामाजिक करार’ हे पुस्तक (१७६२), तिसरा भाग, चौथं प्रकरण. प्रकरण अगदी छोटं. रूसो सार्वभौम सत्ता आणि सरकार वेगळं धरतो. कायदे लोकांनीच करायचे, तो अधिकार प्रतिनिधींकडे सोपवता येत नाही. म्हणून तर इंग्रज फक्त पार्लमेंटच्या निवडणुकीपुरते स्वतंत्र, असा टोला तो हाणतो. पण कायदे राबवण्याचं रोजचं कामही सगळ्यांनीच करायचं, अशा सरकारला तो लोकशाही म्हणतो आणि ते त्याला माणसांच्या आवाक्यातलं वाटत नाही. एवढं डोक्यात बसलं नाही की त्याची ‘सामूहिक इच्छा’ (सगळ्यांच्या समान हिताची इच्छा) म्हणजे बहुमत, ही पुढची चूक ठरलेली.

ॲरिस्टॉटलच्या राजवटींच्या तक्त्यात लोकशाही ही बिघडलेली राजवट आहे, चांगली ती ‘पॉलिटी’, म्हणजे अनेकांनी सर्वांच्या हितासाठी चालवलेली. पाठ करताना रकाने उलटतात. अथेन्समध्ये ‘सर्वांना’ मत होतं असं लिहिताना स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी आठवा.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताला ‘सार्वत्रिक मताधिकाराचा समर्थक’ म्हणून मोकळे होऊ नका. स्त्रियांच्या मतासाठी तो १८६७ साली पार्लमेंटमध्ये भांडला, हे खरंच. पण प्रातिनिधिक शासनावरच्या त्याच्या पुस्तकात (१८६१) निरक्षराला मत नाही, गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवर जगणाऱ्याला नाही, आणि शिकलेल्यांना मात्र एकाहून जास्त.

माझी सवय साधी. विचारवंत कुठलाही असो, वहीच्या समासात आधी लिहायचं: मत कुणाला? वगळलं कुणाला? हा घाबरतो कशाला? अमेरिकी राज्यघटनेच्या बाजूने मॅडिसनने लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट १०’ या लेखासमोर (१७८७) ‘गटबाजी’ लिहिलं की त्याला मोठंच प्रजासत्ताक का हवं होतं (गट इतके की एकही वरचढ होत नाही), ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

आणि राज्यशास्त्रज्ञ मॅकफर्सनची उदारमतवादी लोकशाहीची चार प्रारूपं (१९७७) घोकली म्हणजे लोकशाही संपली, असं नाही. ती त्याची मांडणी आहे. त्यातला शुम्पीटर (लोकशाही म्हणजे मतांसाठी नेत्यांची स्पर्धा, असं मांडणारा अर्थतज्ज्ञ) वाचण्याआधी खुद्द शुम्पीटरचं एखादं प्रकरण वाचा, इंग्रजी जड वाटलं तर डिक्शनरी शेजारी घेऊन. वीस मिनिटांत सगळे विचारवंत उरकणारे व्हिडिओ परीक्षेच्या आदल्या रात्री बघा हवं तर, जून-जुलैत कशाला?