दोनशे पानांचा स्वयंपाक: गटाची प्रमुख कोणी व्हावे?

नागपुरात लग्नसराईच्या जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या महिला बचत गटांत एक चूक हमखास होते. जिच्या हाताला चव, तिलाच प्रमुख केले जाते. लांब रोट्या करणारी बाई एकदा पालथ्या मडक्यापुढे बसली, की सैल कणीक हातावर झेलत वाढवायची, मडक्यावर पसरायची आणि करपायच्या आत उचलायची, यातून तिला मान वर करायलाही उसंत मिळत नाही. तिनेच वाढप आणि यजमानांची घाई सांभाळावी, ही अपेक्षा चुकीची आहे. प्रमुख बाईने त्या दिवशी चुलीपासून दूर राहावे. तिच्याजवळ वही, घड्याळ आणि पैसे असावेत.

‘सगळ्या मिळून करू’ असे ठरवले, की कामाला धनी उरत नाही. आमच्या गटात एकदा पाटवडीच्या रश्श्यात मीठ दोनदा पडले, कारण काकूंना वाटले ताई विसरल्या आणि ताईंना वाटले काकू. शेवटी पाणी घालून रस्सा वाढवला, तर्री पुचाट झाली आणि बोलणी मात्र सगळ्यांनी खाल्ली. तेव्हापासून मीठ एकीनेच घालायचे आणि घातल्यावर झाकणावर खडूने फुली मारायची, असा नियम आहे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे रोट्यांना दोघी ठेवून त्यांची आळीपाळीने अदलाबदल करावी. थर्मामीटर तिसऱ्या बाईच्या हाती द्यावा: गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि मठ्ठ्यासारखे थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. तिने ‘हे वाढू नका’ म्हटल्यास प्रमुखालाही तो शब्द मोडता येऊ नये. एवढा अधिकार देता येत नसेल, तर थर्मामीटर विकत घेण्यात अर्थ नाही.

अन्नसुरक्षेची नोंदणी आधीच करून घ्यावी. कामाच्या ठिकाणी कोणी लैंगिक त्रास दिला आणि दहापेक्षा कमी जणी असल्यामुळे अंतर्गत समिती नसेल, तर २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे प्रत्येकीला माहीत असावे.

पैशांचे वाटप ऑर्डर घेतानाच ठरवावे. १९५९ मध्ये मुंबईत सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्ये नफा आणि तोटा दोन्ही सगळ्या सभासद बहिणींचे सारखेच मानले जातात; भांडी घासणारीला निम्मा वाटा देणाऱ्या गटांनी हे ध्यानात घ्यावे. हिशेब त्याच रात्री, पातेली पालथी घातल्यावर, सर्वांसमोर मोठ्याने वाचावा आणि मग वहीवर सह्या घ्याव्यात.